तो गावात नव्हता, हे शोधायचं कोणी?

दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. पोराबाळांसह, कोयते आणि भांडीकुंडी बांधून माणसं सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. समजा, डिसेंबरात मागे गावात बांधाच्या भांडणातून खून झाला. फिर्यादीत, भावकीच्या वादात बऱ्याचदा होतं तसं, चुलत्याबरोबर तिन्ही पुतण्यांचीही नावं पडली. त्यातला एक पुतण्या त्या रात्री शिरोळकडच्या फडात ट्रॅक्टर भरत होता. त्याच्याकडे याचा पुरावा काय? मुकादमाची वही, कारखान्याच्या काट्यावरची वजनपावती आणि टोळीतली चार माणसं. पावतीवर गाडीचा नंबर असतो, वजन असतं, वेळ असते. ऊस तोडणाऱ्याचं नाव मात्र नसतं. हंगाम संपला की टोळी फुटते आणि उचलीचा हिशेब मिटला की वहीही कोपऱ्यात जाते.

कायद्याच्या भाषेत हा ‘अन्यत्र असल्याचा बचाव’. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला अ‍ॅलिबाय म्हणतात. 1872च्या पुरावा कायद्यात उदाहरण होतं: गुन्हा कलकत्त्यात झाला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरात होता, तर ही गोष्ट खटल्याशी संबंधित ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात शहरं बदलून चेन्नई आणि लडाख झाली. दुसरं उदाहरण मात्र आशयाने जिथल्या तिथे राहिलं: आपण त्या वेळी दुसरीकडे होतो असं ज्याचं म्हणणं आहे, त्यानेच ते सिद्ध करावं. बिनय कुमार सिंग खटल्यात (1996) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं की, आधी आरोपीची हजेरी सरकार पक्षाने शाबीत करायची आणि त्यानंतरच बचावाचा प्रश्न येतो. पण तो आला की आरोपीवरचं ओझं जड असतं. कागदावर ही रचना न्याय्य दिसते. अडचण आहे ती वेळेची. आरोपनिश्चितीच्या टप्प्यावर आरोपीला आपली कागदपत्रं सहसा पुढे करता येत नाहीत आणि त्याचा जबाब सरकारी साक्षी संपल्यावर होतो. तोवर काही वर्षं गेलेली असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की आरोपीने ठिकाण, वेळ आणि माणसं सांगितली की त्याची शहानिशा करणं हे तपास अधिकाऱ्याचं कायद्याने नेमून दिलेलं काम असावं, आणि ती केली नाही तर त्याचा फटका सरकार पक्षाला बसावा.

ही कल्पना परकी वाटली तरी अव्यवहार्य नाही. नायजेरियाचा फौजदारी कायदा आपल्यासारखाच इंग्रजी मुशीतला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलांमध्ये घडवलेला नियम असा: आरोपीने पहिल्याच संधीला, तपशिलासह सांगावं, मग ते खोडून काढण्याची जबाबदारी पोलिसांची. तपासच केला नाही तर शिक्षा टिकणं अवघड होतं. मात्र विश्वासार्ह साक्षीदाराने आरोपीला घटनास्थळी ठामपणे पाहिलं असेल, तर हा बचाव तिथेही कोसळतो. म्हणजे गुन्हेगाराला मोकळं रान नाही.

आपल्याकडे तपासच झाला नाही की काय होतं, हे मालेगावने दाखवलं. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी झालेल्या स्फोटांत तिसाहून अधिक माणसं गेली. एटीएसने नऊ जणांना आरोपी केलं. त्यातल्या एकाचं म्हणणं होतं, की त्या दिवशी तो शेकडो किलोमीटर दूर, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता. दुसरा तर स्फोटाच्या आधीपासून पोलिसांच्याच कोठडीत होता! सरकारच्या दप्तरातच पडताळता येईल असा यापेक्षा सोपा बचाव कोणता? तरी जामीन मिळायला 2011 उजाडलं आणि हयात असलेले आठ जण दोषमुक्त झाले ते एप्रिल 2016 मध्ये.

शहानिशेच्या या सूचनेवर पहिला आक्षेप ठरलेला: खोटे अ‍ॅलिबाय बाजारात मिळतात, चार मित्र शपथेवर काहीही सांगतात. खरं आहे. पण मग तीन वर्षांनी पढवून आणलेल्या साक्षीपेक्षा अटकेनंतर आठ दिवसांत फडावर जाऊन विचारलेला प्रश्नच खोट्याला लवकर पकडेल. दुधनाथ पांडे खटल्यात आरोपी नैनीच्या टेलिफोन कारखान्यात कामावर होता अशी साक्ष सहकाऱ्यांनी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. पण त्याच निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी बजावलं, की बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. खोटं दोन्ही बाजूंचे बोलतात. पोलिसांवर कामाचा ताण आहे, हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही. गंभीर गुन्ह्यात दोषारोपपत्राला नव्वद दिवस मिळतात. कारखान्याला एक पत्र आणि मोबाईल कंपनीकडे एक मागणी त्यात बसते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. साक्षीदारांची नावं आधीच दिली तर पोलीस त्यांनाच दमात घेतील. शिवाय गप्प राहण्याचा आरोपीचा हक्क घटनेच्या कलम 20(3)ने दिलेला आहे. त्यामुळे सांगण्याची सक्ती नको, आणि सांगायचं ते पोलिसांना नव्हे, पहिल्या रिमांडला दंडाधिकाऱ्यांसमोर, विधी सेवा वकिलामार्फत लेखी. दंडाधिकाऱ्यांनी नोंदी जपण्याचा आदेश तिथल्या तिथे द्यावा. कॉल रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वर्षं ठेवायचं बंधन आहे, त्यानंतर ते मिळेलच असं नाही. शिवाय ते मिळालं तरी पुरावा म्हणून चालायला त्याला प्रमाणपत्र लागतं; खोतकर-गोरंट्याल यांच्या जालन्याच्या निवडणूक वादातच सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे पक्कं केलं. प्रमाणपत्र द्यायला कुणी नकार दिला तर कोर्टाकडे अर्ज करता येतो, हेही त्याच निकालात आहे. पण तुरुंगातल्या ऊसतोड्याला हे सांगणार कोण?

छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अपील पोचतं तेव्हा न्यायमूर्तींसमोर असतात ती खालच्या कोर्टातली कागदपत्रं. जी पावती तिथे आलीच नाही, तिच्यावर अपिलात विचार क्वचितच होतो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर टोळीतल्या प्रत्येकाने काट्यावरच्या पावतीचा आणि मुकादमाच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो काढून घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवावा.