नऊशे डॉलरची जेली आणि आपली पावसाळी

‘सोल्ड आउट’! ऑनलाइन शॉपिंगच्या जगात याहून दुष्ट शब्द नसतील. साइज निवडून झाला, रंग निवडून झाला, कार्ड पर्समधून बाहेर आलं... आणि बटणाच्या जागी ती करडी पट्टी. गंमत म्हणजे तोवर आपलं ‘बघू, घेऊ, काय घाई आहे’ असंच चाललेलं असतं. पट्टी दिसली रे दिसली की ती वस्तू एकदम जीवनावश्यक होते!

2024 च्या उन्हाळ्यात जगभरातल्या फॅशनवेड्या पोरींचं नेमकं हेच झालं. ‘द रो’ हा ब्रँड ठाऊक असेलच. मेरी-केट आणि अ‍ॅश्ली ओल्सन या जुळ्या बहिणींनी 2006 मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेला. लोगो नाही, चकचकाट नाही, किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. त्यांनी त्या वर्षी जेली फ्लॅट्स आणले. म्हणजे काय, तर जाळीजाळीचे, रबरासारखे मऊ, पाय दिसतील असे सपाट शूज. किंमत 890 डॉलर, तेव्हाच्या दराने चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात. आणि ते संपलेसुद्धा! त्याच सुमाराला पॅरिसच्या ‘अलाइया’च्या जाळीदार बॅलेरिनांसाठीही अशीच पळापळ चालली होती. तेव्हापासून दर मे महिन्यात कुणी ना कुणी मला विचारतंच, ‘तशाच दुसऱ्या कुठे मिळतील गं?’

माझ्या एका मैत्रिणीने तर कहर केला. परदेशातल्या रीसेल साइटवर तिला एक जोड सापडला. अर्धा साइज लहान, वर कुरिअर, वर कस्टम्स, आणि हे सगळं क्रेडिट कार्डाच्या सहा हप्त्यांत! नुकताच पगार वाढलेला, नुकतंच घर भाड्याने घेतलेलं. हप्त्याचा आकडा तिने मला सांगितला तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं की फोटो एकदा आईला दाखव. आईने मोबाइल लांब धरला, चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘अगं, या तर पावसाळी चपला!’

मावशी बरोबर बोलल्या. अगदी इतिहासाला धरून. जेली सँडल जन्माला आली तीच मुळी गरिबीतून. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, फ्रान्समध्ये चामड्याची टंचाई. 1946 मध्ये झाँ दोफाँ नावाच्या माणसाने प्लास्टिकची सँडल काढली. जाळीदार, एका रंगाची, पाण्यात घालता येईल अशी. ती समुद्रकिनाऱ्यावर गेली, कोळ्यांच्या पायात गेली, लहान मुलांच्या पायात गेली. फ्रेंच लोक तिला ‘मेदूझ’ म्हणतात, म्हणजे जेलीफिश. पुढे 1979 मध्ये ब्राझीलच्या ‘ग्रेंडेन’ कंपनीने कोळ्यांच्या त्याच सँडलवरून ‘मेलिसा’ काढली आणि तिची फॅशन केली. म्हणजे वस्तू पाण्यासाठी, चिखलासाठी, स्वस्तात मस्त. चौऱ्याहत्तर हजारांचा मुक्काम तिच्या प्रवासात फार उशिरा आला.

बनवायची रीतही साधी. प्लास्टिक वितळवायचं, साच्यात दाबून भरायचं, थंड झालं की काढायचं. टाका नाही, शिलाई नाही, बऱ्याचदा चिकटवणंही नाही. म्हणून तर पावसात ती उसवत नाही. चामड्याच्या बुटात कारागिराचा हात दिसतो, त्याचे पैसे मोजायला माझी ना नाही. साच्यातून निघालेल्या बुटात पैसे जातात ते डिझाइनला, साच्याच्या नेमकेपणाला, मालाच्या प्रतीला आणि खूपसे नावाला. यातलं आपल्याला नक्की काय हवंय, हे एकदा स्वतःला विचारलं की अर्धं काम होतं. नावच हवं असेल तर त्याला पर्याय नाही, पैसे साठवा आणि पुढच्या सीझनची वाट बघा. लुक हवा असेल तर मात्र सरळ दादर गाठा!

पण थांबा. लुक आणि ‘फर्स्ट कॉपी’ यांत गल्लत नको. बिनलोगोची जाळीची चप्पल कुणाच्याही बापाची नाही. पण मोठ्या ब्रँडचं नाव छापलेली नक्कल हा सरळ सरळ बेकायदा धंदा. शिवाय त्या नावाचे चार-पाचशे रुपये तुम्ही जास्त देता आणि चप्पल असते शेजारच्या ढिगातलीच.

तर, दादर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडा, रानडे रोडच्या तोंडाशीच मे महिन्याच्या शेवटी पावसाळी चपलांचे डोंगर लागतात. बांद्र्याला लिंकिंग रोड आहे, दक्षिण मुंबईवाल्यांना कुलाबा कॉजवे. पुणेकरांना तुळशीबाग आणि एफसी रोड काय सांगायचं! तीन-चारशेत मनासारखा जोड मिळतो. पारदर्शक घ्या, काळा घ्या, चहाच्या रंगाचा घ्या. चमकी असलेला शक्यतो टाळा, तो ऑफिसात शाळेच्या गॅदरिंगसारखा दिसतो. सगळ्यात ‘डिझायनर’ दिसतो तो एकरंगी, मॅट, बिनफुलाबिनबकलाचा. (फूल आवडलं तर घ्या बापडं, पण मग ओल्सन भगिनींचं नाव काढू नका.)

आता चप्पल हातात घेतली की किंमत विचारायच्या आधी आतून बोट फिरवा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक कड राहते. ती कड बोटाला टोचली तर टाचेला हमखास चावणार, चार दिवसांत फोड. मग चप्पल दुमडून बघा. पांढरी रेघ उमटली तर प्लास्टिक कडक आहे, लवकर तडकेल. वास घ्या. डोकं चढवणारा केमिकलचा वास येत असेल तर ठेवून द्या, तुमच्या घामेजल्या पायाला दहा तास तेच चिकटून राहणार आहे. आणि तळवा उलटा करा. खाली खोल खाचा हव्यात. स्टेशनच्या ओल्या जिन्यावर गुळगुळीत तळव्याची चप्पल म्हणजे घसरगुंडीच.

साइजच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका. ‘घालून सैल होईल मॅडम’ हे चामड्याला लागू. प्लास्टिक पायाचा आकार घेत नाही, आज घट्ट ती उद्याही घट्ट. खरेदीला संध्याकाळीच जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. आणि घरी आणल्यावर उन्हात किंवा कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वाकडी होते. पट्टी तुटली तर कोपऱ्यावरचे काकाही फार काही करू शकत नाहीत. प्लास्टिकला टाका घातला की भोकापासून ते आणखी फाटत जातं.

घालायची कशी? घोट्याच्या वर संपणारी पँट, सुती कुर्ता, साधा मिडी ड्रेस, सगळ्याशी जाते. मीटिंग असेल तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडा जोड ठेवाच. आणि हो, ऊन पडलं त्या दिवशी जपून! पायावर जाळीचा टॅन पडतो आणि तो गणपतीपर्यंत जात नाही.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. जाळीतून पाणी जसं निघून जातं तसं आतही येतं. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात उंदीर-घुशी आणि गुराढोरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईने ही साथ बघितली आहे. चप्पल चावून फोड आलेला पाय आणि गुडघाभर पाणी ही जोडी सगळ्यात वाईट. जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात उतरूच नका, त्या दिवशी सरळ गमबूट घाला. गमबुटाची फॅशन नाही म्हणून कुणी आजारी पडू नये. चालावंच लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठा. प्रतिबंधक गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यातही मिळतात.

‘आणि कोल्हापुरी?’ असं विचारणाऱ्यांची संख्या हल्ली बरीच वाढली आहे. जून 2025 मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या रॅम्पवर अगदी कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या, नाव मात्र घेतलं नाही. मग गदारोळ झाला आणि कंपनीला प्रेरणा कुठून आली ते मान्य करावं लागलं. कोल्हापुरीला 2019 मध्येच जीआय मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. तिथे तर पर्याय शोधायचीच गरज नाही, अस्सल माल आपल्याच दारात आहे. पण वनस्पतीजन्य टॅनिंगचं ते चामडं पाण्यात फुगतं, म्हणून पावसाळ्यात तिला पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवा. तिचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो.

तोवर जेली. आणि एक सांगून ठेवते, मधले साइज फुटपाथवरही आधी संपतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात जा, शनिवार सोडून. शनिवारी संध्याकाळी रानडे रोडवर चप्पल बघायला सोडा, पाय ठेवायला जागा नसते.