टाइलवर रंग: कुठे द्यावा, कुठे देऊ नये



दिवाळी किंवा घरातलं लग्न जवळ आलं की आपल्याकडे एक चर्चा हमखास होते. हॉलला रंग झाला, ओटा नवा झाला, आता बाथरूमचं काय? देवासला १९८०च्या आगेमागे बांधलेल्या घरांत बाथरूम साधारण एकाच साच्याचं असतं. चार फुटांपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाइल्स आणि वरच्या कडेला निळ्या फुलांची एक ओळ. टाइल्स फुटलेल्या नसतात, पण बोअरच्या जड पाण्याने त्यांची पार रया गेलेली असते. तोडून नवं करावं तर खर्च, धूळ आणि दहा दिवसांचा गोंधळ. म्हणून हल्ली पुष्कळ जण विचारतात, टाइलवरच रंग दिला तर?

आपल्या पिढीसाठी हा प्रश्न नुसता रंगाचा नसतो. आपण पुण्यात, बंगळुरूत नाहीतर इंदूरला. घरात आई-बाबा दोघंच. पुढे ते घर ठेवायचं की विकायचं, हे भावंडांत अजून ठरलेलं नाही. अशा घरावर किती खर्च करायचा, हे उघडपणे कोणी बोलत नाही. आमच्याकडे हा प्रश्न दोनदा आला, देवासला बाबांकडे आणि धारला आत्याकडे. एका घरी रंग दिला, दुसऱ्या घरी दिला नाही. असं का, ते या वेळी सांगतो.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. टाइलची चकाकी म्हणजे मातीवर भट्टीत वितळवून बसवलेला काचेचा थर. धारपासून साधारण ३५ किलोमीटरवर मांडवगडला गेलात तर सुलतानी काळातल्या इमारतींवर निळ्या चकाकीच्या टाइल्सचे अवशेष नीट बघा. पाचशे वर्षांचं ऊन-पाऊस सोसूनही तो निळा रंग टिकला, कारण तो काचेतच मुरलेला आहे. आपण डब्यातून देतो तो रंग मात्र काचेच्या वर बसतो. देवासकरांना हे शाईच्या भाषेत पटकन कळेल. आपल्या बँक नोट प्रेसमध्ये शाईचाही कारखाना आहे. नोटेवर शाई बसते, कारण कागदाला तंतू असतात आणि ते शाईला धरून ठेवतात. टाइलला ना तंतू, ना छिद्रं. तिच्यावर साधा ऑइल पेंट फासला, तर काही महिन्यांत तो केळीच्या सालीसारखा सुटतो.

म्हणून रंगाच्या दुकानात जाण्याआधी तीन तपासण्या करा. तिन्ही फुकटात होतात.

पहिली, नाण्याने प्रत्येक टाइलवर टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर टाइल मागून सुटली आहे. तिला रंगाचा काही उपयोग नाही.

दुसरी, दोन दिवस बाथरूम बंद ठेवा आणि मग भिंतीची मागची बाजू हाताने चाचपा. ओल किंवा फुगलेला चुना दिसला, तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. ते पाणी रंगाला मागून ढकलतं आणि फुगे येतात.

तिसरी, एका कोपऱ्यातल्या टाइलवर सगळी प्रक्रिया करून बघा. सात दिवसांनी त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला, तर तिथेच थांबा. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंगशिवाय काही लाइव्ह करत नाही, तोच नियम इथेही.

देवासचं घर तिन्ही तपासण्यांत पास झालं. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, "तोडफोड नको रे. या भिंतीला एकदा हातोडा लागला की कुठे थांबेल सांगता येत नाही." ते खरंच होतं. टाइल काढताना जुना गिलावा हातभर सोबत येतो आणि आतल्या जुन्या लोखंडी नळालाही धक्का बसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो साफसफाईत. क्षारांचे पांढरे डाग आम्ही सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने काढले आणि साबणाचा थर धुण्याच्या सोड्याने. तेजाब वापरू नका, त्याने सांध्यांमधलं सिमेंट खाल्लं जातं. आणि कोणतंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. बेसिनच्या कडेचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढलं, कारण त्यावर कोणताच रंग धरत नाही. मग मी आणि धाकट्या भावाने पाण्याच्या पॉलिश पेपरने, आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या, प्रत्येक टाइलची चमक मारली. टाइल मंद दिसायला लागली की समजायचं, आता रंगाला पकड मिळेल. रिकामे सांधे भरले आणि सगळं पूर्ण वाळू दिलं.

पुढचं काम पेंटरचं. आधी काच आणि टाइलसाठीचा प्रायमर, मग दोन डब्यांचा एपॉक्सी रंग. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ठरावीक वेळानंतर उरलेला रंग डब्यातच दगड होतो. म्हणून डब्यावरचं प्रमाण नीट मोजायचं आणि लागेल तेवढाच मिसळायचा. खिडकी उघडी, हातात मोजे, तोंडाला मास्क. जिथे थेट ऊन येतं तिथे एपॉक्सी हळूहळू पिवळट पडतो, म्हणून आम्ही पांढऱ्याऐवजी फिकट बदामी रंग घेतला.

मुहूर्तही बघा, पण हवेचा. पावसाळ्यात भिंती वाळत नाहीत. माळव्यातल्या जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा एपॉक्सी नीट कडक होत नाही. होळीनंतरचे आणि पावसाआधीचे दिवस उत्तम. शेवटच्या हातानंतर सात दिवस तिथे पाणी नको. आमच्याकडे बाबांनी तो आठवडा मागच्या अंगणातल्या मोरीवर काढला. ज्यांच्याकडे एकच बाथरूम आहे त्यांनी ही सोय आधी ठरवावी.

आता हिशोब. बाथरूम सात बाय पाच फुटांचं. दार वगळून चार फुटांपर्यंत साधारण ८६ चौरस फूट टाइल्स. रंग आणि प्रायमर २,६०० रुपये, सांधे भरण्याचं सामान, पेपर, रोलर वगैरे ९०० रुपये, पेंटरचे दोन दिवस १,६०० रुपये. एकूण ५,१०० रुपये. गवंड्याने तोडून नवं करण्याचे ४८,००० सांगितले होते. दोन वर्षं झाली, भिंती छान आहेत. नळाखाली जिथे रोज बादली घासते तिथे दोन टवके उडालेत. उरलेल्या रंगातून ते पुन्हा भरता येत नाहीत, नवा रंग मिसळावा लागतो, हेही लक्षात ठेवा. आणि सफाईला तारेची घासणी नको.

आमचं बाथरूम बघून आत्याने धारहून फोन केला. तिची लेक नातवाला घेऊन पहिल्यांदाच परदेशातून येणार होती. "मलाही तसंच करून दे रे, पोरीला जुनाट वाटायला नको." मी गेलो आणि नाणं वाजवलं. एका भिंतीवरच्या अकरा टाइल्स बद्द वाजल्या. भिंतीपलीकडे सामाईक पाण्याची टाकी, आणि गिलावा ओला. रंग दिला असता तर लेक येईपर्यंत तो छान दिसला असता आणि ती परत गेल्यावर सुटला असता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती. बहात्तर वर्षांची आत्या अंघोळ करून उठताना नळाला धरून उठत होती. नळ हलत होता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आम्ही तेवढी एकच भिंत गवंड्याकडून मोकळी केली, टाकीकडची गळती बंद केली, गिलावा वाळू दिला आणि साध्या टाइल्स लावल्या. शेजारच्या भक्कम भिंतीत, विटेपर्यंत जाणारे बोल्ट घालून स्टीलचा दांडा बसवला. बाकीच्या भिंती नुसत्या घासून स्वच्छ केल्या. लेकीला बाथरूम जुनं वाटलं का, ते आत्यालाच माहीत. पण दोन दिवसांनी तिने स्वतःहून विचारलं, असाच एक दांडा संडासातही लावता येईल का?

म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. जमिनीच्या फरशीला हा रंग देऊ नका. तिथे पाणी साचतं, पाय घासतात, आणि गुळगुळीत रंगावर साबणाचं पाणी पडलं की पाय सरकतो. देवासला वाचलेल्या पैशांतून आम्ही आधी फरशीवर न घसरणारी मॅट टाकली, दिवा उजेडाचा केला आणि गीझरचं अर्थिंग तपासून घेतलं.

रंगाने बाथरूम काही वर्षं प्रसन्न दिसतं, आणि घराचा मोठा निर्णय घ्यायला भावंडांना तेवढाच अवधी मिळतो. पाच हजारांत हे काही कमी नाही. पण पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा खिशात नाणं ठेवा, टाइल्स वाजवा, आणि आई-बाबांना विचारा, अंघोळ करून उठताना तुम्ही कशाला धरता? रंगाची छटा त्यानंतर ठरवली तरी चालेल.