भाऊजींच्या शेतातली शेंग

दुपारचे साडेचार वाजले की आमच्या घरी चहाचे आधण चढते आणि चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागतेच. आमच्या ह्यांची ही चाळीस वर्षांची सवय. कधी चिवडा, कधी शेव, पावसाळ्यात मिरची-भजी. सूनबाई धारवाडची, त्यामुळे अधूनमधून गिरमिटही. २०२३ साली ह्यांना स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी तळण व मीठ या दोन्हींवर बोट ठेवले. डबे रिकामे झाले. चहा तेवढा राहिला. हे काही बोलत नसत, पण अर्धा कप पिऊन उठून जात. चहाची वेळ म्हणजे आमच्या घरची गप्पांची वेळ. पथ्यापायी तीच मोडायला लागली, याचे मला जास्त वाईट वाटे.

लेक बंगळूरला असते. तिने एअर फ्रायर आणून दिला. ‘आई, तेलाशिवाय तळता येतं,’ म्हणाली. मैत्रिणींनो, हे काही खरे नव्हे. त्यात तळले जात नाही, भाजले जाते. वर तापणारी तार, तिच्याजवळ पंखा, आणि गरम हवा पदार्थाभोवती जोरात फिरते. म्हणजे ती एक छोटी भट्टीच. भजीचे पातळ पीठ त्यात घातले तर जाळीतून खाली गळते. हा अनुभव घेऊनच मी यंत्र माळ्यावर ठेवून दिले होते.

पुढे लेकीकडे गेले असताना तिने मोठ्या दुकानातून बर्फात ठेवलेले एक पाकीट आणले. वर नाव ‘एडामामे’. जपानी भाषेत ‘एदा’ म्हणजे फांदी आणि ‘मामे’ म्हणजे दाणा. तिकडे कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून दाताने दाणे ओढून खातात. पाकिटाची किंमत बघून मी हात कपाळाला लावला आणि मग आतली शेंग हातात घेतली. केसाळ, हिरवी, आत दोन-तीन दाणे. अहो, ही तर आमच्या भाऊजींच्या शेतातली सोयाबीन!

भाऊजींची जमीन बैलहोंगलच्या वाटेवर, काळी. जूनमध्ये पेरायचे, दसऱ्याच्या आसपास काढायचे, वाळवून पोती भरायची आणि अडतीवर पाठवायची. तेथून ती तेलगिरणीत जातात. तेल निघते आणि पेंड उरते. आपल्या भागात एवढे सोयाबीन पिकते, पण ती शेंग हिरवी असताना खायची असते हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. तूर हिरवी खातो, पावटा खातो, हरभऱ्याचा हुळा तर भांडून खातो. कन्नडमध्ये तर हिला ‘सोया अवरे’ म्हणतात. नावातच अवरे आहे, मग ताटात का नसावी?

२०२४ च्या गणपतीत गावी गेले तेव्हा शेंगा अगदी भरात होत्या. पिशवी घेऊन बांधावर पोचले, तर भाऊजी आडवे आले. ‘वहिनी, हात लावू नका. चार दिवसांपूर्वी अळीसाठी फवारलंय.’ मी रिकाम्या हाती परतले. पण त्यांचे बरोबर होते. फवारणीनंतर किती दिवसांनी पीक काढायचे हे औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते, आणि तेही वाळल्यावर काढायच्या पिकाचा हिशेब धरून. हिरवी शेंग त्याआधीच तोडायची असते. म्हणून, वाचकहो, ओळखीच्या शेतातून शेंगा आणणार असाल तर आधी फवारणीचे विचारा, मगच पिशवी उघडा.

२०२५ साली भाऊजींनी न सांगता विहिरीकडेच्या दोन ओळी फवारणीविना ठेवल्या. पाने अळीने चाळणी केली होती, पण शेंगा मिळाल्या. गणपतीनंतर फोन आला, ‘वहिनी, या आता.’

शेंग कधी तोडायची? दाण्यांनी शेंग भरलेली हवी, पण रंग हिरवागारच हवा. पिवळी पडू लागली की दाणा चिवट होतो. आपल्याकडचे वाण तेलासाठी असल्याने दाणा लहान असतो. भाजीसाठी मोठ्या दाण्याचे वेगळे वाण आहेत, जसे रांचीहून आलेले ‘स्वर्ण वसुंधरा’.

आता कृती. अर्धा किलो शेंगा स्वच्छ धुऊन भरपूर उकळत्या पाण्यात १० मिनिटे शिजवाव्यात. सोयाबीन कधीच कच्चे खाऊ नये. प्रथिने पचू न देणारा एक घटक कच्च्या दाण्यात असतो, तो शिजवल्याने बराच निष्प्रभ होतो. गार झाल्यावर दाणे सोलावेत. साधारण पाव किलो निघतात. टरफले खायची नाहीत. बर्फातले पाकीट आणले असेल तर त्यावरील सूचनेप्रमाणे शिजवून घ्यावे.

यानंतरची पायरी मी पहिल्या वेळी चुकले. ओलेच दाणे यंत्रात घातले, वरून तेल जास्त घातले. पंधरा मिनिटांनी बाहेर काढले तर चामड्यासारखे! सूनबाई बघून म्हणाली, ‘अत्ती, नीर आरिल्ल!’ पाणी वाळलेच नव्हते. अगदी खरे. दाण्यावर ओल असली की सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते, दाणा भाजला जात नाही. कुरकुरीतपणा तेलाने येत नाही, कोरडेपणाने येतो. तेव्हा दाणे सुती पंचावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवावेत आणि हाताने चोळून बघावेत.

कोरड्या दाण्यांना एक लहान चमचा तेल चोळावे. यंत्र १९० अंशांवर तीन मिनिटे तापवून दाणे एकाच थरात पसरावेत. मावत नसतील तर दोनदा करावेत, ढीग करू नये. १२ ते १५ मिनिटे लागतात. दर चार मिनिटांनी भांडे बाहेर काढून हलवावे. शेवटी शेवटी डोळा ठेवावा, कारण सोनेरी आणि करपलेले यांत दोनच मिनिटांचे अंतर. यंत्र नसेल तर जाड लोखंडी तव्यावर मंद आचेवरही होतात. वेळ जास्त लागतो, एवढेच.

मसाला आधी घालू नये, तिखट जळून कडवट होते. दाणे बाहेर काढल्याबरोबर गरमच असताना ब्याडगी मिरचीची पूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आमचूर घालावे. सूनबाईने गुरेळची चटणी एक चमचा भुरभुरली, ती चव तर फारच जमली. मीठ चिमूटभरच. आमचूर आणि गुरेळ असले की मीठ कमी आहे हे जिभेला कळत नाही. तयार चटणीत मीठ असतेच, तेही हिशेबात धरावे.

पौष्टिक म्हणून वाडगाभर खायचे असे मात्र नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅम हिरव्या दाण्यांत सुमारे १२० कॅलरी, ११-१२ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. एका माणसाला मूठभर पुरे. मी थायरॉइडची गोळी घेते. सोयाबीनमुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवते. कुणाला सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर या वाटेला जाऊच नये. शिवाय हे दाणे डब्यात भरून ठेवायचे नव्हेत. वरून कुरकुरीत, आतून मऊ असे तासाभरात संपवायचे. दुसऱ्या दिवशी ते चिवट होतात.

त्या दिवशी भाऊजी शेंगांची दुसरी पिशवी घेऊन आले, तेव्हा चहाचीच वेळ होती. ह्यांच्या बशीत मूठभर दाणे होते. हे एक एक दाणा चावून खात होते. सूनबाईने विचारले, ‘मावा, हेंग आगेद?’ हे म्हणाले, ‘छलो आगेद. पण शेवेची सर नाही.’ खरे बोलले! शेव ती शेवच. पण कप पूर्ण संपला होता आणि हे उठले नव्हते.

भाऊजींनी दोन दाणे तोंडात टाकले, चावले, मग आणखी चार उचलले. ‘तीस वर्षं पिकवतोय,’ म्हणाले, ‘चव आज कळली.’ मग दोघे भाऊ दिवेलागणीपर्यंत जुन्या विहिरीबद्दल बोलत बसले. मी दुसऱ्यांदा आधण ठेवले.

यंदा विहिरीकडे चार ओळी ठेवायच्या ठरल्या आहेत. तुमच्याही घरचे, सासरचे कुणी सोयाबीन पेरत असेल तर पेरणीआधीच एक ओळ मागून घ्या. ती आपल्या ताटासाठी.