ट्रॅक्टर दमतोय? आधी ट्रॉलीकडे पाहा



गाळप हंगाम सुरू झाला की कुर्डुवाडीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला आणि बैलांच्या खांद्यावरचे ओझे ट्रॅक्टरवर आले. त्यांतले कितीतरी ट्रॅक्टर २०-२५ वर्षांचे. सपाटीला ठीक चालतात, चढ आला की काळा धूर ओकतात आणि मान टाकतात.

मागच्या हंगामात असेच एक शेतकरी माझ्याकडे आले. जुना ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. "साहेब, इंजिन गेलं. मिस्त्री म्हणतो, उतरवून बोअर करावं लागंल. पन्नास हजारांच्या वर खर्च हाय." पैशांसाठी घरातले गंठण गहाण ठेवायचे ठरले होते. मी म्हणालो, "गंठण दोन दिवस पेटीतच राहू द्या. मी वस्तीवर येतो."

बैल चालेना झाला तर आपण लगेच चाबूक उगारत नाही. खांदा सुजला का, खुरात काटा आहे का, गाडीचे चाक अडते का, हे आधी पाहतो. यंत्रालाही हाच न्याय लावावा. फुकटातली तपासणी आधी, खर्चाची मागाहून.

पहिले काम म्हणजे ट्रॉली सोडावी आणि नुसता ट्रॅक्टर चढावर नेऊन पाहावा. त्यांचा ट्रॅक्टर सरसर चढला. धूरही बेताचाच. म्हणजे दोष मागे असण्याचा संभव जास्त. इतक्यात मालकीणबाई वही घेऊन आल्या. डिझेलचा हिशेब त्याच ठेवतात. दसऱ्यापर्यंत जेवढ्या डिझेलमध्ये तीन खेपा होत, तेवढ्यात पुढे दोनच होऊ लागल्या होत्या. "दसऱ्याला काय केलं होतं?" मी विचारले. "ट्रॉलीच्या चाकांचं काम करून आणलं," त्या म्हणाल्या.

रिकामी ट्रॉली जॅकवर घेतली. जॅक लावण्याआधी बाकीच्या चाकांना दगड लावले. चाक हाताने फिरवले तर अर्धा फेराही पुरा होईना. ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला घासत होत्या. म्हणजे बिचारा ट्रॅक्टर ब्रेक लावलेली ट्रॉली ओढत होता! टायरमध्ये हवा कमी होती, आणि एअर क्लीनरच्या वाटीत तेलाऐवजी चिखल साचला होता. तीन लहान दोष, आणि नाव मात्र इंजिनाचे.

तुमच्याकडेही ट्रॅक्टर दमत असेल तर याच क्रमाने जावे. ट्रॉलीचे प्रत्येक चाक मोकळे फिरते का, बेअरिंगला ग्रीस आहे का, हे पाहावे. दोन-तीन किलोमीटर चालवून थांबल्यावर चाकाच्या मध्याजवळ हात न्यावा. टेकवू नये, भाजेल. एकच चाक जास्त तापले असेल तर चोर सापडला. टायरमधली हवा पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठेवावी. शेतात चालणारी कमी हवा डांबरी रस्त्यावरच्या ओझ्याला चालत नाही.

मग ट्रॅक्टरकडे वळावे. एअर क्लीनरची वाटी काढून धुवावी आणि खुणेपर्यंत नवे इंजिन ऑइल भरावे. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज पाहावी. डिझेलचे फिल्टर वेळेवर बदलावे आणि नंतर पाइपातली हवा काढून टाकावी. इंजिन जोरात फिरते, वास येतो, पण गाडी पुढे सरकत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे असे समजावे.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, नाहीतर ओझे फार. निळा धूर म्हणजे इंजिनाचे ऑइल जळते आहे. तेव्हा रिंगा आणि बोअर यांच्याकडे संशय न्यावा. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येतच राहिला तर नोझल, पंपाचे टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. जोर वाढावा म्हणून डिझेल पंपाचे सील तोडून डिझेल वाढवण्याच्या फंदात मात्र पडू नये. धूर वाढतो, इंजिन तापते आणि शेवटी खरोखरच बोअर करावे लागते.

थोडा हिशेबही ध्यानात असावा. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ऊस मिळून १० टन वजन धरा. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर ते ओढायला साधारण २०० किलोचा जोर पुरतो. २० फुटांत एक फूट चढ आला की त्यात आणखी ५०० किलोची भर पडते. म्हणजे काम साडेतीन पट झाले. तेव्हा चढावर गिअर खाली आणावा लागतो, हा दोष नव्हे. चढ लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा.

ओझे कसे बसते, यालाही महत्त्व आहे. १८९७ साली आपल्या कुर्डुवाडीहून बार्शीकडे अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे सुरू झाली. तिचे इंजिनिअर कॅलथ्रॉप यांनी इंजिन-डब्यांच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ नये अशी रचना केली, म्हणून हलक्या रुळांवरूनही भरपूर माल गेला. आता तिथे रुंद रूळ आले, पण धडा जुना झालेला नाही. ऊस मागे जास्त भरला तर बैलगाडीसारखीच ट्रॉली उलाळ होते आणि ट्रॅक्टरची मागची चाके उचलू पाहते. फार पुढे भरला तर हुकावर भार येऊन पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. मागच्या आसाच्या वर साखळी बांधून ओढू गेल्यास ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो.

आता त्या वस्तीवरची पुढची गोष्ट. चाक अडते ते ब्रेकमुळे, हे कळताच मालक म्हणाले, "मग ब्रेकच काढून टाकू. टनभर ऊस जास्त बसंल." मी काही बोलण्याआधीच मालकीणबाई म्हणाल्या, "ओढलं म्हंजे झालं का? उतरणीला थांबायला नको? गाडीवर पोरगा असतोय माझा."

मला वेगळे काही सांगावे लागले नाही. ब्रेक काढला नाही. पट्ट्या नीट बसवून घेतल्या, चाके मोकळी फिरली आणि ब्रेक दाबताच थांबलीही. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक रस्त्यावर एकत्र अडकवायची पट्टी गंजून पडली होती, तीही बसवली. ती नसेल तर एकच ब्रेक दाबला जाऊन गाडी आडवी होते.

उतरणीवर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. ज्या गिअरात चढ चढला असता, त्याच गिअरात उतरावे. हुकावर किंवा मडगार्डवर पोरांना बसवू नये. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा असल्याशिवाय अंधारात रस्त्यावर येऊ नये.

त्या घरी सारा खर्च दोन-तीन हजारांत भागला. गंठण पेटीतच राहिले आणि वहीत पुन्हा तीन खेपा दिसू लागल्या. तुमच्या घरी अशी वही नसेल तर या हंगामापासून सुरू करा. तारीख, डिझेल, खेपा आणि केलेली दुरुस्ती, एवढेच चार रकाने पुरतात.