धूर घटावा, माग थांबू नयेत

2020 च्या टाळेबंदीत पनवेलची आमची कापडाची दुकाने बंद, भिवंडीचे माग थंड. त्या वर्षी देशाचा कार्बनचा धूर घटला. पण ती घट आमच्या कारागिरांच्या उपाशी पोटी झाली. 2021 मध्ये धंदा सुरू होताच धूर पुन्हा वाढला. 2025 मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता सौर, पवन, जल, अणू अशी झाली. तरी प्रत्यक्ष विजेत कोळसा 70 टक्क्यांच्या आसपास आहेच. ऊन रात्री नसते, माग रात्रीही चालतात. 2024 च्या सूर्यघर योजनेत घराच्या छताला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते, मागाच्या पत्र्याला नाही. ते मिळावे, अशी मागणी व्यापारी बांधवांनी आपापल्या संघटनांमार्फत करावी.