वाय-फाय आपले, पण त्यावरचे बोलणे कोणाचे?



"वाय-फायचे बिल आम्ही भरतो. मग त्यावर घरातले कोण काय बघते ते आम्ही पाहिले तर काय बिघडले?" गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका बाईंनी मला विचारले. मी गप्प राहिले, कारण वर्षापूर्वी मी स्वतः हेच केले होते. आज उत्तर देते.

माझ्या भाच्याने लॅपटॉपवर वायरशार्क नावाचे मोफत सॉफ्टवेअर टाकून दिले. नेटवर्कमधले बिघाड शोधायला इंजिनिअर ते वापरतात. एरवी लॅपटॉप आपल्यापुरतेच बघतो, पण 'मॉनिटर मोड'मध्ये टाकला की हवेतून जाणारे इतरांचेही पकडतो. आमचा राउटर डब्ल्यूपीए-२ पद्धतीचा, सगळ्यांना एकच पासवर्ड. तो माहीत असला आणि फोन वाय-फायला जोडताना होणारी चार निरोपांची देवाणघेवाण पकडली, की त्या फोनचे बाहेरचे कुलूप उघडते. संध्याकाळी सूनबाई घरी आली, फोन जोडला गेला आणि आमचे काम झाले.

आत एचटीटीपीएसचे दुसरे कुलूप असते. त्यामुळे मजकूर दिसत नाही, साइटचे नाव मात्र बहुधा दिसते. मला दिसले ते घटस्फोटाच्या वकिलांच्या साइटचे नाव.

तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी मी तिला टाकून बोलले. ती तर आपल्या मावसबहिणीसाठी माहिती काढत होती! मी बी.कॉम. झालेली बाई. वहीत नाव आहे पण तपशील नाही, अशा नोंदीवरून ताळेबंद मांडत नाहीत, एवढेही मला सुचू नये?

"बिल आमचे" हा हिशेबच चुकीचा आहे. बिल भरून आपण वाट विकत घेतो, वाटेने जाणाऱ्याची पिशवी नाही. ऑडिटरही वह्या तपासतो तो मालकाला सांगून, समोर बसून.

"मुलांची काळजी वाटते" म्हणाल, तर लहान मुलांना नियम तोंडावर सांगा. राउटरवर साइट बंद करायची तर त्यांच्यादेखत करा. लपून केलेली ती काळजी नव्हे, पाळत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा माणसाच्या खासगी आणि घरगुती वापराला लागू नाही. म्हणजे तो कायदा उंबरठ्याशी थांबतो. पुढे आपले अचौर्याणुव्रत आहे. न दिलेले घेणे ती चोरी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याची तिजोरी आपण उघडत नाही. मग त्याच्या मनातले न विचारता घेतले तर ते काय साव ठरते?

मी सूनबाईची माफी मागितली. लॅपटॉपमधले पकडलेले सगळे पुसून टाकले. नवा राउटर डब्ल्यूपीए-३ चा आणला. त्यात पासवर्ड माहीत असला तरी दुसऱ्याचे असे नुसते ऐकून उघडता येत नाही.

तरी सूनबाई अजून घरात पाऊल टाकताच फोनचे वाय-फाय बंद करते. बिल मीच भरते आहे.