आपला संगणक : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स



विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नसेल, तर धडधाकट यंत्र भंगारात टाकायची घाई नको. लिनक्स मिंट ही प्रणाली फुकट मिळते. २ जीबी मेमरीवर ती चालते, ४ असली तर बरं. डिस्कवर २० जीबी जागा हवीच, १०० असल्यास उत्तम.

पण पहिलं काम फोटोंचं. अलिबाग-रेवदंड्याची घरं, लग्नकार्यं, आपल्यातून गेलेली माणसं, हे सगळं पुष्कळांकडे त्या एकाच डिस्कवर असतं. बाहेरच्या डिस्कवर प्रत करा. ती दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फोटो उघडून बघा. उघडले, तरच पुढे.

आता ८ जीबीचा रिकामा पेनड्राईव्ह घ्या. बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्यावर संगणकाची दुकानं ओळीनं आहेत. मिंटच्या संकेतस्थळावरून ‘सिनॅमन’ आवृत्ती उतरवा आणि ‘बलेना एचर’ने पेनड्राईव्हवर चढवा. त्यावरचं जुनं सारं पुसलं जातं, हे ध्यानात असू द्या.

नातवंडांनो, पुढचं काम तुमचं! लॅपटॉप चालू करताना एफ-१२ दाबा. काही यंत्रांत एफ-९ किंवा एस्केप असतं. यादीतून पेनड्राईव्ह निवडा. मिंट पेनड्राईव्हवरूनच चालेल, डिस्कला धक्का नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. सगळं ठीक असेल तर ‘इन्स्टॉल’. ‘इरेज डिस्क’ हे शब्द दिसले की हात थांबवा आणि आजी-आजोबांना हाक मारा. त्या बटणानंतर मागे फिरता येत नाही.

वेळ ‘दुबई’ निवडा. इथल्या लॅपटॉपवर बहुधा अरबी-इंग्रजी अक्षरं असतात. म्हणून ‘कीबोर्ड’मध्ये ‘लेआउट्स’ उघडून मराठी (कागपा, फोनेटिक) आणि हिब्रू जोडा. कागपात ‘के’ दाबला की ‘क’ उमटतो, शोधाशोध नको. लिबरऑफिस सोबतच येतं. त्यात मावशीला मराठीत पत्र लिहा, खाली नाव हिब्रूत घाला.

एक सांगून ठेवतो. फक्त विंडोजसाठी केलेले हिशेबाचे वगैरे प्रोग्रॅम मिंटवर सरळ चालत नाहीत. त्यांच्यावर रोजचं काम अडत असेल, तर आधी जाणकाराला विचारा.

पुढच्या वेळी : कागदी फोटो स्कॅन कसे करावेत.